मंजुळेचा पाचवा भाग

हन्नाबाई नर्सच्या पिशवीला दोन कप्पे होते. एकात कात्री, दोरा, कापूस, रबरी हातमोजे आणि जंतुनाशकाची बाटली, दुसऱ्यात कादंबऱ्या. मधला पडदा त्यांनी स्वतः शिवून घातला होता, कारण बाटली फुटून कादंबरी भिजेल ही एक काळजी आणि कादंबरीची धूळ कात्रीला लागेल ही दुसरी. बाईंना एका वेळी एकच काळजी असं कधी नसायचं.

ठेंगणी, काटकुळी बाई. पांढरं पातळ, पायात काळ्या चपला, कपाळावर सदैव एक आठी. ती आठी झोपेतही जात नसावी असं माझं मत आहे. चालायच्या भराभर, आणि चालता चालता पुटपुटायच्या. लोकांना वाटायचं, प्रार्थना म्हणतायत. मला पुढे कळलं की कोणाला कुठली कादंबरी दिली आणि ती तिला झेपेल की नाही, याची त्या उजळणी करत असायच्या.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा गावात रेल्वे आलेली नव्हती आणि बायकांना दुपारी करायला कामाखेरीज काही नव्हतं. बाई तेव्हा दवाखान्यात नर्स होत्या. नवरा तारखात्यात होता तो लवकर गेला, एकुलता एक मुलगा शमू शाळेत होता. बाई बेने इस्रायल, म्हणजे यहुदी. आमच्याच कोकणातल्या, घरात आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या; फक्त देव वेगळा आणि सुट्टी शनिवारची. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांची चूल विझायची, ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर पेटायची. शनिवारी त्या हातात पिशवी धरत नसत, साधं पातेलंही या घरातून त्या घरात नेत नसत. अपवाद एकच, कोणाला कळा लागल्या तर. ते जिवाचं काम, त्याला देवाची मुभा असते म्हणायच्या. त्यामुळे हन्नाबाई शनिवारी रस्त्याने जाताना दिसल्या की बायका ओट्यावरून विचारायच्या, कोणाकडे गं? हे सारं गाव जाणून होतं, आणि पुढे याच जाणण्याने आमच्या घरात हाहाकार केला.

कादंबऱ्यांचं असं, की बाळंतपणात बायका सव्वा महिना आडव्या असतात. आजूबाजूला सासू, शेक-शेगडी आणि धुरी. बाईंचं म्हणणं, या दिवसांत पोरी नाही नाही ते विचार करतात आणि तेच अंगाला बाधतं. म्हणून त्या पुस्तक द्यायच्या, आणि देताना औषधासारखा सगळा विचार करून द्यायच्या. पोटुशी असेल तर हलकंफुलकं, ज्यात भांडणं होतात पण मिटतात. बाळंतीण झाली की मग रहस्यकथांची मालिका, तीसुद्धा क्रमाने. दुसरा भाग हरवलेला असेल तर तिसरा मागून उपयोग नाही, त्या सरळ मालिकाच बदलून द्यायच्या. माहेरची आठवण काढून रडणारीला माहेरावरचं काही नाही. नवऱ्याशी अबोला असेल तर प्रेमकथा अजिबात नाही. हे सगळं त्या दारात उभ्या राहून ठरवायच्या, आणि ठरवून झाल्यावर घरी जाऊन पुन्हा घाबरायच्या.

त्यांचा एक नियम होता. शेवट माहीत असल्याशिवाय पुस्तक कोणाच्या हाती द्यायचं नाही. नवीन पुस्तक आलं की त्या आधी मागून उघडायच्या, शेवटची पानं वाचायच्या, मग सुस्कारा सोडून पहिल्या पानाकडे वळायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, यात गंमत काय राहिली? त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गंमत हा शब्द पुन्हा त्यांच्यासमोर काढला नाही. अवघडलेल्या बाईच्या हातात पुस्तक देते मी, म्हणाल्या, शेवटी कोण मेलं ते मला ठाऊक नको?

सासवांचा विरोध होताच. बाळंतिणीने वाचलं की डोळे जातात, ही तेव्हाची पक्की समजूत. आमच्या सासूबाईंनी तर बाईंना दारातच सांगितलं की पुस्तकं घेऊन आत यायचं नाही. बाईंनी वाद घातला नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्या रोज बाळाला न्हाऊ घालून झालं की माजघरात बसायच्या आणि सासूबाईंना एका खटल्याची गोष्ट वाचून दाखवायच्या. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, कान मात्र तिखट. खुनी कोण हे कळायच्या अलीकडे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, आता मला दवाखान्यात जायला हवं, पुढचं सूनबाई वाचतील. सासूबाईंनी दिवसभर घुसमट सोसली. संध्याकाळी स्वतःच कंदील माझ्या उशाशी आणून ठेवला आणि डोळ्यांना जपून वाच म्हणाल्या. त्या दिवसानंतर आमच्या घरी डोळे जाण्याचा विषय निघाला नाही.

पुस्तकं यायची हमीदशेटकडून. कापडाचं दुकान त्यांचं, कोकणी मुसलमान, माल आणायला मुंबईला जायचे आणि येताना रहस्यकथांचे आणि मोठाल्या कादंबऱ्यांचे भाग घेऊन यायचे. लट्ठ्याच्या ठाणांमागे एक फळी होती, ती त्यांची लायब्ररी. कापड घेणाऱ्यापेक्षा वाचणारं गिऱ्हाईक आलं की शेट अधिक खुलत. या दोघांचं वाचनावरून कायमचं वाजलेलं असायचं. बाई दुकानात आल्या की नवं पुस्तक उचलून मागूनच उघडायच्या आणि शेट कपाळाला हात लावायचे. शेवटी शेट नव्या पुस्तकाच्या मागच्या पानांभोवती सुतळी बांधून ठेवू लागले. बाई शांतपणे पिशवीतली कात्री काढायच्या, सुतळी कापायच्या आणि कात्री पुसून परत ठेवायच्या.

"बाई, तुम्ही हकीम लोक," शेट एकदा वैतागून म्हणाले. "तुम्हाला मौतची खबर आधी लागते. आम्हाला किस्सा हवा असतो."

"किस्सा तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या. "मला खबर हवी."

भांडण असलं तरी एकमेकांनी सांगितलेलं पुस्तक वाचल्याशिवाय दोघांनाही चैन पडायचं नाही. शेट म्हणायचे, ही मालिका घ्या, पहिला भाग थोडा सुस्त आहे पण सबर ठेवा. बाई सबर ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायच्या की पहिल्या भागात त्या म्हाताऱ्याला पडशाचं औषध चुकीचं दिलंय.

बाई खेड्यांतही जायच्या. एकदा गव्हाणला एका आगरी घरी पहिलटकरीण अडली होती. बैलगाडीने बाई पोचल्या तेव्हा ती पोरगी भीतीने इतकी ओरडत होती की कळा आणि भीती वेगळी करता येईना. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी हात धुता धुता एका दागिनेचोराची गोष्ट सांगायला घेतली. कळ आली की गोष्ट थांबायची, ओसरली की पुढे. पोरगी ओरडायची थांबून ऐकू लागली. पण पोर गोष्टीच्या आधी बाहेर आलं, आणि मग वार, टाके, आंघोळ या गडबडीत चोर राहून गेला. सव्वा महिन्यानंतर ती पोरगी बाळ काखेला मारून बाजाराच्या दिवशी पनवेलला आली आणि विचारत विचारत दवाखान्यात पोचली. "बाय, आमी त्या चोराचा आयकाया आलो," म्हणाली. "तो गावला का नाय?" बाईंनी रांगेतल्या बायकांना थांबवून तिला शेवट सांगितला. हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अभिमान नव्हता, हुरहुर होती. महिनाभर त्या पोरीच्या जिवाला घोर लावून ठेवला मी, म्हणत होत्या.

तर अशी ही बाई. आता माझ्या थोरल्या जावेचं, कुसुमवहिनीचं सांगते.

वहिनीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. पुढे बरीच वर्षं काही नाही. मग पुन्हा दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात अंगावर दिसू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की बाळंत होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही. पायाकडच्या बाजूला खाटेखाली विटा लावल्या. वहिनी पडून राहिली तर बाळ हाती लागेल, उठली तर नाही, इतकं ते सरळ होतं. आणि पडून राहणं हेच वहिनीच्या स्वभावात नव्हतं. घरातला पहिला हंडा तिचा, शेवटचं भांडं तिचं. आपण पडलोय आणि सासू पाणी भरतेय हे तिला बघवायचं नाही. दोनदा तर कोणी नाही असं पाहून ती परसापर्यंत चालत गेली, आणि दुसऱ्यांदा पुन्हा रक्त दिसलं. त्या दिवशी हन्नाबाईंनी आमच्या घरात प्रथमच आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक घेऊन आल्या. मंजुळेचे भाग त्या वर्षी पनवेलच्या बायकांत हातोहात फिरत होते. एकूण पाच निघायचे होते, तोवर तीनच आले होते. खाडीकाठच्या एका इनामदाराच्या घरात पडलेली मंजुळा, तिचा दर्यावर गेलेला नवरा, इस्टेटीवर डोळा ठेवून असलेले दीर. बाईंनी पहिले तीन भाग शेवटासकट वाचले होते. तिसऱ्यात मंजुळेला दिवस राहतात आणि नवऱ्याची खबर येते, इथपर्यंत सगळं शुभ. वहिनी वाचू लागली आणि खरोखरच खाटेला खिळली. सासूबाई तिच्या उशाशी तांदूळ निवडत बसायच्या आणि वहिनी मोठ्याने वाचायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. भाजी लागण्याचं प्रमाण त्या दिवसांत आमच्याकडे बरंच वाढलं होतं.

तिसरा भाग संपला तेव्हा चौथा आलेला नव्हता. वहिनी पुन्हा चुळबुळू लागली. आता जरा उठून बसते, नुसतं दारापर्यंत जाते, अशी बोलणी सुरू झाली. बाई रोज हमीदशेटच्या दुकानात फेरी मारत होत्या. एका शुक्रवारी शेट मुंबईहून परतले ते दुपार कलल्यावर. बाईंनी पुस्तक घेतलं, सूर्याकडे पाहिलं, आणि सुतळी न कापता तशाच धावत आमच्या घरी आल्या. पुस्तक वहिनीच्या हातात दिलं आणि दिवे लावायला घरी पळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेवट न पाहता पुस्तक दिलं होतं.

शनिवारी सकाळी त्या मशिदीत होत्या. त्यांच्या प्रार्थनामंदिराला ते लोक मशीदच म्हणायचे. मुंबईहून त्यांची एक मावसबहीण आली होती, तीही वाचणारी. बायकांच्या बाजूला बसून दोघी हलक्या आवाजात बोलत होत्या. मावसबहीण म्हणाली, मंजुळेचा चौथा वाचलास का? बाळ जातं गं तिचं, भर खाडीत पडावातच बाळंत होते बिचारी, मी दोन दिवस जेवले नाही. हे मला बाईंनी नंतर सांगितलं. प्रार्थना अर्ध्यावर टाकून त्या उठल्या त्या तडक आमच्या घराकडे निघाल्या.

सासूबाई ओट्यावर होत्या. शनिवारच्या दिवशी हन्नाबाई पदर सावरत, जवळजवळ धावत येताना दिसल्या आणि सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काही विचारलंच नाही. आत वळून मला ओरडून पाणी तापत ठेवायला सांगितलं, जुनी धुतलेली लुगडी काढायला सांगितलं, आणि स्वतः देवापुढे जाऊन बसल्या. मी पातेलं चढवलं. मला वाटलं, वहिनीला कळा लागल्या आणि मलाच पत्ता नाही. वहिनीला वाटलं, डॉक्टरांनी बाईंना काहीतरी सांगितलंय, पोटातलं बाळ गेलं आहे आणि आपल्याला कळलेलं नाही. आमच्या घरात त्या घटकेला प्रत्येक जण दुसऱ्याचं बघून घाबरत होता. आणि बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा वहिनी खाटेवरून उठत होती.

बाईंनी धावत जाऊन तिचे खांदे धरले आणि तिला खाली दाबलं. "उठू नकोस. पड."

"बाई, आज शनिवार," वहिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काय झालंय? मला खरं सांगा."

बाईंना खोटं सुचेना. "पुस्तक न्यायला आले," त्या म्हणाल्या. बोलल्या आणि त्यांच्या लक्षात आलं असावं की आज त्या पुस्तक हातात धरून रस्त्याने जाऊही शकत नाहीत. त्या तशाच तिचे खांदे धरून उभ्या राहिल्या. वहिनीच्या उशाशी चौथा भाग होता, सुतळी सोडलेला.

"वाचून झालं," वहिनी म्हणाली. "सकाळीच संपलं. बाळ गेलं ना तिचं."

ती रडत नव्हती. पोटावर हात ठेवून आढ्याकडे बघत होती, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. पहिल्या वेळी असंच झालं होतं, ती म्हणाली, सुईण कापडात गुंडाळून घेऊन गेली, मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. या घरात त्या बाळाविषयी ती प्रथमच बोलत होती.

"मेलेलं नाही ते," हन्नाबाई म्हणाल्या.

वहिनीने मान वळवली.

"मंजुळेचं. तोंड पाहिलं का कुणी? नाही ना. दीर टपून बसले होते, मुलगा झाला असता तर जिवंत ठेवला असता त्यांनी? सुईणीला सगळं ठाऊक होतं. तिने मेलं म्हणून सांगितलं आणि नेऊन लपवलं. पाचव्या भागात येतं ते. मी वाचलाय पाचवा भाग."

"सुईण असं करील?"

"सुईण काय काय करते ते तुला काय ठाऊक. पाय वर घे आधी."

वहिनीने पाय वर घेतले. बराच वेळ बाई तिची नाडी धरून बसल्या. मग स्वयंपाकघरात आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेऊन तसंच बाजूला ठेवलं. चुलीवर पाणी खळखळत होतं, ते कशाला ठेवलंय हे त्यांनी विचारलं नाही.

"पाचवा भाग अजून छापून आलाय की नाही देव जाणे," त्या म्हणाल्या. "शनिवारच्या दिवशी, मशिदीतून उठून येऊन खोटं बोलले मी."

त्यांच्याकडे बघून मला हसूही येत होतं आणि पुढची काळजीही वाटत होती. कारण वहिनी आतून हाक मारत होती, बाई, मग ते बाळ कुठे ठेवलं तिने?

तिथून पुढे रोज बाई नाडी बघायला आल्या की वहिनी पाचवा भाग विचारायची. पुस्तक मुंबईच्या बहिणीकडे अडकलंय, येईल, तोवर मी सांगते, असं बाईंनी सांगून टाकलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर पुस्तकं शेवटाकडून वाचली तिला आता शेवट ठाऊक नसलेली गोष्ट पुढे ढकलायची होती, आणि ते तिला मुळीच जमत नव्हतं. त्यांच्या गोष्टीत दीर, इस्टेट, दर्या सगळं विरघळून गेलं. उरलं फक्त बाळ. ते खाडीपलीकडच्या झोपडीत वेळेवर दूध प्यायचं. त्याला कोवळं ऊन द्यायचे, नाळ कोरडी ठेवायचे, शेळीचं दूध पाणी घालून उकळायचे. एक दिवस त्याला जुलाब झाले आणि बाई स्वतःच इतक्या घाबरल्या की त्यांनी ते दुसऱ्याच वाक्यात बरे केले. वहिनीला तेवढंच हवं होतं. ती डोळे मिटून ऐकायची.

बाईंची मात्र झोप उडाली. काल काय सांगितलं ते आज त्यांना आठवायचं नाही. येता येता आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या आणि कुजबुजत मला विचारायच्या, सुईणीचं नाव सखू सांगितलं की गोदा? मी म्हणायचे, सखू. तरी एकदा आत जाऊन गोदाच म्हणाल्या. वहिनीने लगेच पकडलं. बाई म्हणाल्या, गोदा सखूची बहीण. अशाने त्या झोपडीत फार माणसं झाली. मलिदाही त्यांनी तेव्हाच बोलला. त्यांच्यात एलियाहू नबीला नवस करतात आणि पुरा झाला की गोड पोहे, खोबरं, खजूर असा मलिदा करून वाटतात. मी विचारलं, कुसुमवहिनीसाठी का? तिच्यासाठी, आणि खोट्यासाठी, त्या म्हणाल्या.

या काळात पाचवा भाग हमीदशेटकडे येऊन पडला होता. शेटनी तो बाईंपुढे ठेवला आणि स्वतः होऊन सुतळी सोडू लागले. बाईंनी हात मागे घेतला. नको, बांधून ठेवा, म्हणाल्या, आणि कुसुम मोकळी होईपर्यंत कोणाला देऊ नका. शेट काय समजायचं ते समजले. त्यांनी तो भाग ठाणांच्या तळाशी घातला आणि मागायला येणाऱ्या बायकांना वाळवी लागली म्हणून सांगत राहिले.

वहिनी आठव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली, मूठभर, रडायलाही जोर नव्हता. कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून बाई तिच्याजवळ बसून राहिल्या. दूध चोखता येईना तर बोळ्याने पाजलं. ती जगते की नाही या घोरात आमचा बराच काळ गेला. त्या दिवसांत बाई कादंबरीचं नावही काढत नव्हत्या. मुलीच्या अंगावर मांस दिसू लागलं तेव्हा वहिनी म्हणाली, हिचं नाव मंजुळा ठेवू या. बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. त्या पुस्तकातलं एकही नाव या पोरीला लावायचं नाही, म्हणाल्या. सासूबाईंनी नंदा ठेवलं. बाईंनी मलिदा केला, आमच्या घरी ताट पाठवलं, आणि नंदाला जिभेवर खजुराचा कण द्यावा की देऊ नये यावर बराच वेळ विचार करून शेवटी दिला नाही.

वहिनी हिंडूफिरू लागल्यावर एक दिवस तिने मला शेटकडे पाठवलं. शेटनी मला पुस्तक देताना विचारलं, बाईंना माहीत आहे? मी नाही म्हटलं. त्यांनी तरी दिलं.

वहिनीने तो भाग दुपारी नंदाला मांडीवर घेऊन वाचला. तिचं झाल्यावर मी वाचला. त्यात सुईणीचा उल्लेखसुद्धा नाही. बाळ गेलेलंच असतं. नवराही येत नाही. शेवटच्या पानावर मंजुळा एकटीच धक्क्यावर बसलेली असते, आणि ओहोटी लागते. बाईंच्या हाती हे पुस्तक पडतं तर त्यांनी ते पनवेलमधल्या एकाही बाईला दिलं नसतं.

वहिनीने पुस्तक मिटून माझ्या हातून घेतलं. मग म्हणाली, आपण वाचलं हे बाईंना कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, आता काय बिघडतंय, बाळ तर झालं. तिने मला वेड्यात काढलं. त्यांना कळलं की त्या विचारत बसतील, म्हणाली, कधी वाचलंस, दूध कमी झालं का, पोरीला त्रास झाला का. त्यांना झोप लागू दे.

बाईंची आळी पुढे हळूहळू रिकामी झाली. एकेक घर इस्रायलला जात होतं. शमू शिकून आधी गेला, आणि काही वर्षांनी त्याने आईला बोलावलं. वर्षभर बाई जाऊ की नको करत होत्या. तिकडची भाषा येत नाही, उन्हाळा कसा असेल, म्हातारपणी नर्स म्हणून कोण ठेवील, आणि मराठी पुस्तकं मिळतील का. शमूचा निरोप आला की तिथे एका घरी मराठी कादंबऱ्यांची पेटी आहे. बाईंनी विचारलं, मालिका पुऱ्या आहेत का? त्याचं उत्तर काही आलं नाही. जाण्याआधी त्यांनी आपलं कपाट उघडून घरोघरी पुस्तकं वाटली. ही तुला आता नको, पोरींची लग्नं झाल्यावर वाच, असं सांगून. मला एक जाड कादंबरी दिली आणि म्हणाल्या, शेवट चांगला आहे, मधे जरा धीर धर. मी पुस्तकांच्या बाबतीत तशी निर्ढावलेली बाई, पण त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

मुंबईची एसटी सकाळची होती. स्टँडवर आम्ही दोघी जावा, नंदा आणि हमीदशेट असे पोचवायला गेलो. नंदा तेव्हा शाळेत जायला लागली होती, एका जागी उभी राहत नव्हती. ट्रंक टपावर चढली ती नीट बांधली की नाही हे बाईंनी कंडक्टरला इतक्यांदा विचारलं की तो पुन्हा वर चढून दाखवून आला. मग बाई खिडकीशी बसल्या. शेट पाणी आणायला गेले. तेवढ्यात बाईंनी खिडकीतून हात काढून वहिनीचं मनगट धरलं, नाडी बघताना धरायच्या तसंच.

"कुसुम, एक विचारायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "तो पाचवा भाग तू वाचलास ना कधीतरी?"

वहिनीने दुसऱ्या हाताने नंदाला जवळ ओढलं.

"वाचला असशीलच. मी उघडला नाही गं. आजवर धीर झाला नाही. काय होतं त्यात?"

इतक्या वर्षांत कोणाचाही शेवट आधी वाचून ठेवणारी ही बाई समुद्रापलीकडे जात होती आणि एकाच पुस्तकाला भीत होती. मी वहिनीकडे बघितलं नाही. मला तिच्याकडे बघायचा धीर नव्हता.

"तुम्ही सांगितलंत तेच," वहिनी म्हणाली. "बाळ सापडतं."

"आणि सुईण?"

"सुईणच आणून देते. मंजुळेच्या मांडीवर."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. माणसाच्या नाडीवर बोट असताना त्याचं खोटं कळत असेल, तर त्यांना कळलं असणार. त्यांनी मनगट सोडलं. "मग बरं," म्हणाल्या.

कंडक्टरने घंटा दिली. गाडी सुरू झाली तशी नंदा हात हलवत खिडकीबरोबर पुढे धावली. बाईंनी हात हलवला नाही. त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं होतं आणि दोन्ही हातांनी आम्हाला खुणावत ओरडत होत्या, पोरीला चाकापासून मागे घ्या, मागे घ्या. वहिनीने नंदाला धरून मागे ओढलं. गाडी वळणावर गेली तरी ते हात खिडकीबाहेर मागे, मागे करतच होते.